ताटाची डावी बाजू

ठेचा भाकरीवरच. वरणावर नाई.
हे मी पहिलेच सांगून ठेवतो,
मंग वाद नको.

ठेचा म्हणजे तव्यावर चटकलेली मिर्ची, लसूण, जाडं मीठ,
लोट्याच्या बुडानं तव्यातच रगडलेलं.
मिक्सरमधून निघते ते हिरवी चटणी.
तिले ठेचा म्हणणं म्हणजे
बकरीले गाय म्हणून दाखला देणं.
आन् दाखले मी देतो,
ग्रामपंचायतीत, एकवीस वर्षं झाले.

अंबाडीच्या भाजीवर कच्चं तेल. लिंबू नाई.
आंबटावर आंबट
म्हणजे एका मांडवात दोन नवरदेव.

गोळाभातावर हिंग-मोहरीचं तेल, कढत,
चर्र वाजलं पाह्यजे.
वाजलं नाई तर तो गोळाभात नाई,
नुसते भातावर निजलेले गोळे.

आमरसात तूप आन् चिमूटभर मिरपूड.
साखर घालतो त्याच्या आंब्यातच खोट हाय.

भुरका खिचडीवर.
पापड मोडून भुरक्यात बुडवणारे
आमच्या घराण्यात होऊन गेले,
त्यायचे नाव मी घेत नाई.

पोह्यावर तर्री? नागपूरवाले घेतात, घेऊ द्या.
मी एक डाव खाल्ले, यवतमाळच्या स्टँडवर,
गाडी लागाले वेळ होता म्हणून.
हे घरी सांगितलेलं नाई.

बायको माझी वैनगंगेपल्याडची, लाखांदूरकडली.
तिकडं सकाळी भात, संध्याकाळी भात,
ज्वारी म्हणजे कबुतराले टाकाची वस्तू.
लग्नाच्या चवथ्या दिवशी
पंचफुलानं वाफेच्या भातात बोटानं खड्डा केला,
त्यात जवसाची चटणी घातली, वरून तेलाची धार,
आन् कालवला.
पांढऱ्याशुभ्र भाताचा रंग
शेणानं सारवलेल्या भिंतीसारखा झाला.

मी म्हटलं, "जवस भाकरीचं हाय."
ती म्हणाली, "जवसाले पुसलंत का?"

तवापासून हा विषय चालू हाय.
मी नालीचे ठराव लिहिले, हातपंपाचे लिहिले,
कोंडवाड्यातल्या बिनमालकाच्या म्हशीचा लिहिला,
सगळे सर्वानुमते मंजूर.
घरी एकच ठराव एकवीस वर्षं पडून हाय.
सूचक मी.
अनुमोदक कोणी नाई.
पोराले धरला होता हाताशी,
तो पुण्याले गेला आन् आता
पराठ्यावर लाल सॉस वततो, बाटली उलटी करून,
बुडावर चापट मारून मारून.
त्याच्याबद्दल मी काय बोलू.

औंदा चैतात ती भाच्याच्या बारशाले गेली.
आठ दिवस.

पहिल्या दिवशी मी भाकर थापली.
कड फाटली, मधात भोक पडलं,
कुत्र्यानं हुंगून पाह्यली आन् माझ्याकडं पाह्यलं.
दुसऱ्या दिवशी तसंच.
तिसऱ्या दिवशी भात लावला, तीन शिट्ट्या,
वरण लावलं ते करपलं.
ताटात भात, डाव्या बाजूले मीठ, कांद्याची फोड,
आन् फळीवर फक्त जवसाची बरणी.
ठेचा करावा तर मिर्च्या सुकून गेलेल्या.

खड्डा मी केला नाई,
भातच जरासा खचला.
त्यात चटणी पडली. तेलाची बुधली जवळच होती.

पहिल्या घासाले मी गप होतो.
दुसऱ्याले बी.
चवथ्या घासाले उठून
समोरचं दार लोटून घेतलं,
शेजारी गुणवंत ढोक ओट्यावर बसला होता, त्याचं तोंड लय मोठं.

ती आली शनवारच्या गाडीनं.
पिशवी ठेवली, हातपाय धुतले,
फळीवरची बरणी उतरवून उजेडाकडं धरली.
"बोटभर खाली कशी गेली?"
"मांजर आलं असंल," मी म्हटलं.

"झाकण फिरकीचं हाय," ती म्हणाली,
आन् भात लावाले बसली,
रोजच्यापेक्षा एक मूठ जास्त.